ओळखपत्रातला चेहरा, भिंतीवरची तसबीर

प्रतिनिधी, कोंढा (जि. भंडारा) :

घरातले वडीलधारे माणूस गेले की अंत्यविधी, नातेवाइकांना निरोप आणि तेरवीची तयारी या गडबडीत एक प्रश्न हमखास उभा राहतो : फोटो कोणता लावायचा? श्रद्धांजलीच्या फलकासाठी, वृत्तपत्रातील निधनवार्तेसाठी आणि नंतर कायमचा भिंतीवर लावण्यासाठी एक चांगला फोटो हवा असतो. शोधाशोध सुरू होते. लग्नातील समूहचित्रात चेहरा अर्धा झाकलेला असतो. मोबाइलमधील चित्रात नातवंड स्पष्ट असते आणि मागे बसलेली आजी अंधुक. अखेरीस कपाटातून आधार कार्ड निघते. त्यावरील बोटाच्या पेराएवढे चित्र मोठे केले जाते, मागची पार्श्वभूमी बदलली जाते, चौकट बसते आणि तिला हार चढतो. सरकारी कामासाठी दोन मिनिटांत टिपलेला चेहरा पुढच्या पिढ्यांसाठी त्या माणसाची एकमेव ओळख ठरतो.

पवनी तालुक्यातील कोंढा हे भंडारा-पवनी मार्गावरचे, शेजारच्या कोसऱ्यासह ‘कोंढा-कोसरा’ या जोडनावाने ओळखले जाणारे गाव. धानाच्या बांध्या, खरिपातील रोवणी आणि शिक्षण-नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली तरुण मंडळी, असे पूर्व विदर्भातील कुठल्याही मोठ्या गावासारखेच येथील जीवनमान. वर वर्णन केलेला प्रसंगही या एकाच गावाचा नाही. तो महाराष्ट्रातील हजारो गावांचा आहे. तरीही त्याचा विचार कोंढ्यासारख्या गावाच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. शहरात छायाचित्रांची संख्या आणि ती जपण्याची साधने दोन्ही वाढली. गावात संख्या वाढली, साधने मात्र आली नाहीत. त्यातच पूर्वी तसबीर काढण्याचे जे प्रसंग ठरलेले होते, तेही हळूहळू नाहीसे झाले. परिणामी छायाचित्रांचा सुकाळ असलेल्या काळात घरच्या माणसांच्या तसबिरींचा दुष्काळ पडला आहे.

हा केवळ हौसेचा विषय नाही. आपल्या माणसाला पुढे कोणत्या रूपात आठवायचे हे कुटुंबाने ठरवायचे की कार्यालयाच्या गरजेने, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

सरकारदरबारी चेहऱ्याची मोजदाद

गेल्या तीन दशकांत ग्रामीण माणसाचा चेहरा जितक्या वेळा टिपला गेला, तितका तो त्यापूर्वी कधीच टिपला गेला नव्हता. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. गावोगावी शाळेच्या वऱ्हांड्यात कॅमेरे लागले आणि अनेक वृद्ध स्त्रीपुरुषांचे आयुष्यातील पहिले स्वतंत्र छायाचित्र त्या निमित्ताने निघाले. त्यानंतर २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. पुढील काही वर्षांत छायाचित्र, बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा यांची नोंद घराघरांत पोहोचली.

त्यापुढचा टप्पा आणखी वेगळा आहे. आधीच्या पद्धतीत चेहरा एकदा टिपून कागदावर छापला जात असे; आता तो वारंवार दाखवावा लागतो. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली. पीएम-किसान योजनेच्या ई-केवायसीसाठी २०२३ मध्ये तीच पद्धत सुरू झाली. रोजगार हमीच्या कामांवर, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह नोंदवणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना राज्यभरातील महिलांनी आपले फोटो दिले.

या सर्व व्यवस्थांमागे कारणे आहेत. बोगस लाभार्थी रोखावेत, खऱ्या माणसाला त्याचा पैसा मिळावा, हा त्यांचा घोषित हेतू आहे. तो कितपत साधला याबद्दल मतभेद आहेत. रोजगार हमीच्या हजेरीत प्रत्यक्ष मजुरांऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढवले जात असल्याचे खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये निदर्शनास आणून दिले होते. पण तो वेगळा विषय झाला. येथे लक्षात घ्यायची बाब एवढीच की, धानाच्या बांधीत राबणाऱ्या बाईचा चेहरा वर्षातून अनेकदा कॅमेऱ्यासमोर येतो. मात्र त्यातील जवळजवळ एकही चित्र तिच्यासाठी काढलेले नसते आणि त्यातील बहुतेक चित्रे तिच्या घरी कधी येतही नाहीत.

निर्विकार चेहऱ्याचा नियम

ओळखपत्राच्या छायाचित्राला स्वतःचे शास्त्र आहे. मान सरळ, नजर समोर, दोन्ही डोळे उघडे, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर कोणताही भाव नको आणि मागे एकरंगी पडदा, असे त्याचे निकष आहेत. यंत्राला दोन चेहऱ्यांमधील साम्य तपासायचे असते. हसण्याने गालांची आणि डोळ्यांची ठेवण बदलते. म्हणून हसू नको असते. पार्श्वभूमीमुळे चेहऱ्याची कडा ओळखण्यात अडथळा येतो; म्हणून अंगण, दार, झाड नको असते.

कुटुंबाची आठवण नेमकी याच्या उलट असते. आजी हसताना एका डोळ्याने अधिक मिचकावत असे, आजोबा बोलताना मान किंचित तिरपी करत, आई पदर सावरल्याशिवाय कोणापुढे येत नसे, या गोष्टींनी माणूस घरच्यांच्या लक्षात राहतो. ओळखपत्राचा नियम त्या सर्व गोष्टी वगळतो. त्यात नियम करणाऱ्याचा दोष नाही, कारण ते चित्र त्या कामासाठी नसतेच. दोष आहे तो आपल्याकडे दुसरे चित्र नसण्याचा.

शिवाय ते चित्र काढले जाण्याची परिस्थितीही पाहावी लागेल. केंद्रावर पहाटेपासून रांग, हातात कागदपत्रांची पिशवी, बोटांचे ठसे जुळत नाहीत म्हणून दोनदा झालेले हेलपाटे आणि त्या दमलेल्या अवस्थेत ‘इकडे पाहा’ अशी सूचना. अनेक वृद्धांच्या आधार कार्डावरील चेहऱ्यावर जो गोंधळ आणि थकवा दिसतो, तो त्यांच्या स्वभावाचा नव्हे, त्या दिवसाचा असतो. तेवढाच एक दिवस पुढे भिंतीवर कायम राहतो.

तसबिरीचे जुने प्रसंग

छायाचित्रण ही कला महाराष्ट्रात फार लवकर आली. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील जाणत्या छायाचित्रकारांपैकी एक होते. प्रारंभी ही चैन संस्थानिक, सरकारी अधिकारी आणि व्यापारी यांच्यापुरती मर्यादित राहिली. तालुक्याच्या गावी स्टुडिओ येण्यास आणि सामान्य शेतकरी कुटुंबाने त्यात पाऊल ठेवण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला.

स्टुडिओत जाणे हा तेव्हा एक छोटासा समारंभच असे. नवे कपडे, केसांना तेल, पावडर, मागे रंगवलेला पडदा, शेजारी तिपाईवर फुलदाणी. काळ्या कापडाखालून छायाचित्रकार सूचना देई आणि माणसे श्वास रोखून बसत. त्यात कृत्रिमता होतीच. पण एक गोष्ट निश्चित होती. ते चित्र त्या माणसाचेच असावे म्हणून काढले जात असे. त्याला वेळ दिला जाई, पैसे मोजले जात आणि छापील प्रत घरी येत असे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र तेव्हाही हिशेब निराळा होता. मुलीचा स्वतंत्र फोटो बहुधा सोयरीक जुळवण्यासाठी काढला जाई. म्हणजे तो परक्या घराला दाखवण्यासाठी असे आणि अनेकदा परतही येत नसे. लग्नानंतर पतीशेजारी उभी राहिलेली एक जोडीची तसबीर निघे. पुढे ती मुलांच्या मागे, सुनांच्या मागे, समूहाच्या कडेला दिसे. अनेक घरांत आजोबांची स्वतंत्र तसबीर आहे आणि आजीची नाही, याचे कारण येथे सापडते.

छायाचित्र वेळेवर निघाले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाचे, जपानच्या आणि सीरियाच्या सहाध्यायिनींसोबतचे छायाचित्र १८८५ सालचे आहे. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना त्यांचे निधन झाले. ते चित्र निघाले नसते तर परक्या देशात शिकणाऱ्या त्या तरुणीची आपल्या डोळ्यांसमोरची प्रतिमा कितीतरी पुसट राहिली असती.

दुसरे उदाहरण पूर्व विदर्भातील असंख्य घरांच्या भिंतींशी जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली होती. त्यात ते पराभूत झाले, तरी या जिल्ह्याशी त्यांचे नाते लोकांच्या स्मरणात कायम राहिले. त्यांचे मुंबईतील ‘राजगृह’ या निवासस्थानी फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले कौटुंबिक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुत्र यशवंत, पत्नी रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंद असा परिवार त्यात आहे. घरचा कुत्राही आहे. रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले, म्हणजे या चित्रानंतर जेमतेम सव्वा वर्षाने. त्यांची छायाचित्रे मोजकीच. सभा-परिषदांतील बाबासाहेबांची छायाचित्रे अनेक असली, तरी घरातले बाबासाहेब आणि शेजारी बसलेल्या रमाबाई दाखवणाऱ्या या एका चित्राचे मोल वेगळे आहे.

ही दोन्ही चित्रे इतिहासात गेली. सामान्य घरातल्या चित्राचे मोल त्या घरापुरते असते. पण त्या घरासाठी ते कमी नसते.

पवनीचा छायास्तंभ

गेलेल्या माणसाची आठवण दृश्य रूपात ठेवण्याची गरज आधुनिक नाही, याचा पुरावा कोंढ्याच्या अगदी जवळ आहे. तालुक्याचे ठिकाण असलेली पवनी ही वैनगंगेकाठची प्राचीन नगरी. १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याच पवनीत एक पाषाणस्तंभ सापडलेला आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेल्या या स्तंभावर प्राकृत लेख असून त्यात स्तंभाचा उल्लेख ‘छायास्तंभ’ या अर्थाच्या शब्दाने केला आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतील हा लेख आहे.

येथे ‘छाया’ म्हणजे प्रतिमा, प्रतिरूप. मराठीने फोटोसाठी ‘छायाचित्र’ हा शब्द स्वीकारला तेव्हा तो स्तंभ कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तरी शब्दाचा हा धागा विचार करायला लावणारा आहे. अठराशे वर्षांपूर्वी छाया मागे ठेवणे राजकुळालाच परवडत होते. आज ते शेतमजुराच्या घरालाही परवडते. साधन प्रत्येकाच्या हाती आहे. तरीही ती छाया घरी राहत नसेल, तर अडचण साधनाची नाही, सवयीची आहे.

हजारो चित्रे, पण हाती काही नाही

यावर कोणीही सहज म्हणेल की मोबाइलमध्ये हजारो फोटो असताना चिंता कशाची? सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट गावोगावी पोहोचले आणि कॅमेरा असलेला मोबाइल जवळपास प्रत्येक घरात आला, हे खरे आहे. पण साठा आणि ठेवा यांत फरक आहे.

पहिली अडचण चित्रांच्या स्वरूपाची. मोबाइलवर निघणारी बहुसंख्य चित्रे प्रसंगांची असतात : वाढदिवस, हळद, गणपती, मंडईतील नाटक, शेतातील पीक. त्यात वृद्ध माणसे असतात, पण चित्र त्यांचे नसते. मोबाइल हाती धरणारा तरुण असतो आणि तो बहुधा स्वतःकडे किंवा मुलांकडे पाहत असतो.

दुसरी अडचण साठवणुकीची. व्हॉट्सॲपवरून सामान्य पद्धतीने पाठवलेले चित्र आकाराने लहान होऊन पोहोचते. त्यातील बारकावे गळतात. तेच चित्र पुढे मोठे करून छापायचे म्हटले की चेहरा फुटतो. मूळ चित्र ज्याच्या मोबाइलमध्ये असते, तो मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो किंवा बदलला जातो. गूगलने छायाचित्रांसाठीची विनामूल्य अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण या कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. म्हणजे खातेदार मरण पावला, त्याचे खाते कोणी उघडले नाही, तर त्यातील चित्रेही जाऊ शकतात. आपल्यानंतर खात्याचे काय करावे हे आधीच ठरवून ठेवण्याची सोय गूगलने दिली आहे आणि ॲपलनेही डिसेंबर २०२१ पासून वारस नेमण्याची व्यवस्था केली आहे. पण जमिनीच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या कुटुंबाला फोटोंचाही वारस नेमायचा असतो, हे सांगणारे कोणी नाही.

तिसरी अडचण कुलपाची. गेलेल्या माणसाचा मोबाइल घरात असतो, पण तो उघडण्याचा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. पूर्वी कपाटाची किल्ली हरवली तर सुताराला बोलावता येत असे.

करोनाच्या काळाने या प्रश्नाची तीव्रता दाखवून दिली. २०२० आणि २०२१ मध्ये अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे मुखदर्शनही नीट घेता आले नाही. रुग्णालयाच्या दारात शिरताना काढलेले किंवा खाटेवरून पाठवलेले एखादे चित्र हेच त्यांच्यासाठी शेवटचे दर्शन ठरले.

यंत्राने रचलेला चेहरा

या पोकळीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली आहे. मार्च २०२५ मध्ये जपानी चित्रपटांच्या शैलीत आपले फोटो बदलून घेण्याची लाट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या फोटोवरून रेशमी साडीतील जुन्या धाटणीची चित्रे करून घेण्याची दुसरी लाट आली. तेच तंत्र पाहता पाहता स्मरणचित्रांपर्यंत पोहोचले. फाटलेला फोटो जोडणे, कृष्णधवल चित्र रंगीत करणे, गेलेल्या माणसाला नातवाशेजारी बसवणे, त्याचे ओठ हलवणे, हे सारे आता मोबाइलवर होते.

यातील धोका समजून घेण्यासाठी त्याचे कार्य कसे चालते हे पाहावे लागेल. अंधुक चित्रात जी माहिती नाही, ती यंत्राला कोठूनही मिळत नाही. यंत्राने असंख्य अनोळखी चेहरे पाहिलेले असतात. त्यांच्या आधारे ते ‘येथे डोळा असा असावा, सुरकुती अशी असावी’ असा अंदाज बांधून रिकामी जागा भरते. चित्र स्वच्छ होते, पण त्यातील पापणी, ओठांची कड, गालावरची खळी आजीची असेलच असे नाही. मुलांना फरक जाणवतो. ज्यांनी आजीला पाहिलेच नाही त्या नातवंडांना तो जाणवण्याचा संभव नाही. दोन पिढ्यांनंतर तोच चेहरा खरा मानला जाईल.

दुःखात असलेल्या कुटुंबाने अशा चित्राचा आधार घेतला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पूर्वीही चित्रकार वर्णनावरून तसबिरी रंगवत आणि स्टुडिओतील कारागीर ब्रशने केस काळे करत. पण ते चित्र कशावरून केले, त्यात काय बदलले, एवढी नोंद मागे राहिली पाहिजे. आणि मूळ चित्र, ते कितीही पुसट असले तरी, टाकून देता कामा नये.

भीड आणि संमती

घरच्या वडीलधाऱ्यांचे मुद्दाम छायाचित्र काढण्यात एक भीडही आड येते. ‘आई, तुझा चांगला फोटो काढू’ असे म्हटले की ‘माझ्या मरणाची तयारी चालवली का रे?’ असे उत्तर येईल, ही धास्ती अनेकांना वाटते. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, हा समज आता विरला असला तरी वयस्क माणसाच्या एकट्याच्या तसबिरीचा हाराशी जोडलेला संबंध मनातून गेलेला नाही.

या भावनेचा अनादर न करता मार्ग काढता येतो. फोटो एकट्या आजीचा नको, घरातील प्रत्येकाचा काढावा. लहान मुलांपासून सुरुवात करावी. काढलेला फोटो छापून त्यांच्याच हयातीत भिंतीवर लावावा. जिवंत माणसाची तसबीर घरात दिसू लागली की तिचा हाराशी असलेला संबंध आपोआप सुटतो. स्वतःचे छापील चित्र हाती धरून पाहण्याचा आनंदही त्यांना मिळतो, जो आधार कार्डाने क्वचितच दिला असेल.

मात्र ज्यांना नकोच असेल त्यांच्यावर आग्रह होऊ नये. संकोच, धर्मश्रद्धा, आजारपणाने बदललेला चेहरा अशी कारणे असू शकतात. विशेषतः स्त्रियांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतलीच पाहिजे. कोणाचेही चित्र उचलून विकृत करणे आता अतिशय सोपे झाले आहे. घरासाठी काढलेले चित्र घरातच राहील, हा विश्वास असेल तरच माणूस कॅमेऱ्यासमोर मोकळा बसेल.

घर, अंगण आणि हात

तसबीर म्हणजे केवळ चेहरा नव्हे. याची जाणीव वैनगंगेच्या काठी अधिक तीव्रतेने व्हावी असा इतिहास येथे आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढील काळात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे जलाशयासाठी उठली आणि पुनर्वसन वसाहतींत गेली. घराचे मोजमाप झाले, झाडांची संख्या नोंदली गेली, मोबदल्याचे आकडे लिहिले गेले. पण त्या घराच्या ओसरीवर आजोबा कसे बसत, अंगणातील तुळशीपाशी आई कशी उभी राही, हे कोणत्याही पंचनाम्यात नाही. ज्यांनी तेव्हा घरासमोर उभे राहून एखादा फोटो काढून ठेवला, त्यांच्याकडे माणूस आणि गाव दोन्ही एकाच कागदावर शिल्लक आहेत.

म्हणून घरच्या छायाचित्रासाठी पांढरा पडदा लागत नाही. ओसरी, दार, अंगण, बांधीचा धुरा हीच योग्य पार्श्वभूमी होय. तांत्रिक बाबीही अवघड नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, दारातून किंवा खिडकीतून बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर पडू द्यावा. भर उन्हात डोळे मिटतात आणि डोळ्यांखाली काळी सावली येते. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला तर नाक मोठे दिसते. दोन-तीन पावले मागे राहून, त्यांच्या नजरेच्या उंचीवर तो धरावा. माणूस बसला असेल तर काढणाऱ्यानेही बसावे. ‘हसा’ असे सांगण्याऐवजी जुन्या रोवणीची, माहेरची, पुराची गोष्ट विचारावी. चेहरा आपोआप खुलतो. आणि हातांचाही एक फोटो काढावा. आयुष्यभर परे लावलेले, धान कापलेले हात चेहऱ्याइतकेच बोलके असतात.

यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते. निवडलेली दोन-तीन चित्रे फोटोच्या कागदावर छापून घ्यावीत. मागील बाजूस पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे वय आणि तारीख लिहावी. नाव नसलेल्या फोटोतील माणूस तिसऱ्या पिढीत अनोळखी होतो. चौकटीत काच आणि फोटो यांमध्ये थोडी जागा ठेवावी, अन्यथा पावसाळ्यातील दमटपणाने फोटो काचेला चिकटतो. ओल येणाऱ्या भिंतीवर तसबीर लावू नये. एक प्रत लेकीच्या सासरी, एक शहरातील मुलाकडे पाठवावी. एका घराला आग लागली वा पूर आला तरी दुसऱ्या घरी ती शिल्लक राहते.

गावाने काय करावे

हे काम प्रत्येक घराने स्वतंत्रपणे करावे, ही अपेक्षा योग्य असली तरी पुरेशी नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे कॅमेरा धरणारे कोणी नसते. त्यासाठी गावपातळीवर विचार व्हायला हवा. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन आहे. दुसऱ्याच दिवशी गांधी जयंती येते. या दोन दिवसांत गावातील साठीपुढील प्रत्येक व्यक्तीचे एक चांगले छायाचित्र काढून, छापून, तिच्या हाती देण्याचा उपक्रम कोणत्याही ग्रामपंचायतीला, शाळेला किंवा बचत गटांना सहज हाती घेता येईल. शाळेतील मुले नाव आणि गावाची माहिती लिहून घेऊ शकतात. आज ओळखपत्राच्या फोटोंवर आणि झेरॉक्सवर गुजराण करणाऱ्या छोट्या फोटो दुकानदारांनाही यातून त्यांच्या मूळ कौशल्याचे काम मिळेल. खर्च म्हणाल तर एखाद्या स्वागत-फलकावर होतो, त्याहून तो फार जास्त असणार नाही.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात. लेकी माहेरी येतात, बाहेरगावी गेलेली मुले परततात, झाडीपट्टीच्या नाटकांना गर्दी होते. संपूर्ण कुटुंब एका अंगणात असण्याचे वर्षातील हे मोजके दिवस. त्यातील एक सकाळ आजी-आजोबांच्या तसबिरीसाठी राखून ठेवली, तर तेरवीच्या धावपळीत आधार कार्ड शोधण्याची वेळ येणार नाही. शासनाला चेहरा हवा असतो तो पडताळणीसाठी, आणि ते काम त्याने करावेच. पण आपले माणूस कसे दिसत होते, कसे हसत होते, हे पुढच्या पिढीला सांगण्याचे काम कोणतेही कार्यालय करणार नाही. ते घरालाच करावे लागेल, आणि ते माणूस समोर बसलेले असतानाच करावे लागेल.